गोव्याच्या दर्यात ओर्का दिसेल का? आणि नाही दिसला तर तो बघायला कुठे जावं?

प्रश्न फोंड्याच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: मुलगी सातवीत आहे आणि ओर्काचे व्हिडिओ बघून वेडी झाली आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला सिकेरीला डॉल्फिन बघायला होडीत बसवलं, तर होडीवाला म्हणाला, "बाय, ते काळे-पांढरे मोठेपण येतात कधीकधी, नशीब पाहिजे." तेव्हापासून दर रविवारी हट्ट चालू आहे. हे खरं आहे का, ओर्का राहतात कुठे, फिरतात कसे, आणि आयुष्यात एकदा तिला खरोखरचा दाखवायचा झाला तर कुठे न्यावं?

ताई, आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पेडण्याचा. आपल्याकडे ज्याला तारवटी म्हणतात तसा वीसेक वर्षं जहाजांवर होतो. सुरुवात डेकवर रस्सी ओढण्यापासून झाली. पुढे तेल शोधणाऱ्या सर्वेक्षण जहाजांवर समुद्री सस्तन प्राण्यांचा निरीक्षक म्हणून काम केलं. ही जहाजं पाण्यात हवेचे मोठे धमाके करून तळाखालच्या खडकांचा वेध घेतात. धमाके सुरू होण्याआधी माझ्यासारखा माणूस तासभर डेकवर उभा राहून चहूकडे बघतो. पाचशे मीटरच्या आत देवमासा किंवा डॉल्फिन असला तर काम थांबवायला सांगतो. म्हणजे रिकाम्या समुद्राकडे बघत बसणं हाच माझा धंदा. ओर्का मी पाहिले ते बहुतेक थंड पाण्यात, आणि एकदाच आपल्या बाजूच्या हिंदी महासागरात.

होडीवाल्यावर रागावू नका, पण त्याच्या भरवशावर रविवारही घालवू नका. सिकेरी, कोको बीच, आग्वाद, पाळोळे इथे होडीतून जे दिसतात ते 'हिंदी महासागरी कुबड डॉल्फिन'. राखाडी, पाठीवर उंचवटा, त्यावर छोटं पर. मालवणकडचे मच्छीमार त्यांना गादा म्हणतात. हे प्राणी उथळ, गढूळ पाण्यातले, मांडवी-झुवारीच्या तोंडाशी तारले-बांगड्यांच्या मागे फिरणारे. किनाऱ्यापासून फार दूर ते जातच नाहीत. ओर्काचं उलट आहे. आपल्याकडे किनाऱ्यालगतचं उथळ पठार जवळजवळ शंभर किलोमीटर पसरलेलं आहे आणि खरा खोल समुद्र त्याच्या पलीकडे सुरू होतो. तासाभराची डॉल्फिन सफर त्या पठाराच्या उंबऱ्यावरसुद्धा पोचत नाही. ओर्का किनाऱ्याजवळ येतच नाहीत असं नाही. जिथे खायला मिळतं तिथे ते अगदी वाळूपर्यंत येतात. पण आपल्या किनाऱ्यावर त्यांनी यावं असं फारसं काही नाही.

मग अरबी समुद्रात ओर्का अजिबात नाहीत का? आहेत. लक्षद्वीप, अंदमान, श्रीलंका, ओमान, आखाती देश, सगळीकडे त्यांच्या नोंदी आहेत. श्रीलंकेजवळ तर त्यांनी स्पर्म व्हेलच्या कळपावर हल्ला केल्याचीही नोंद आहे. पण या नोंदी विरळ असतात. मी भारत आणि ओमानच्या मधल्या पाण्यात एकूण कित्येक महिने काढले, त्यात ओर्का दिसले एकदाच. पाच जण होते, एक मोठा नर आणि बाकी माद्या-पोरं. सकाळचे सव्वासात, समुद्र तेलासारखा शांत. वीस मिनिटं ते आमच्या समांतर गेले आणि मग जे बुडाले ते परत दिसलेच नाहीत. त्या दिवशी जेवताना स्वयंपाकी मला म्हणाला, "तुला आज पगार वाढलाय काय रे?" इतका मी हसत होतो म्हणे.

थोडं नावाबद्दल, कारण मुलीला शाळेत कोणीतरी चुकीचं सांगणारच. ओर्काला 'किलर व्हेल' म्हणतात म्हणून मराठी बातम्यांत तो 'खुनी देवमासा' होतो. तो देवमासा नाही, डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यांत मोठा प्राणी आहे. पूर्ण वाढलेला नर आठ-नऊ मीटरपर्यंत जातो आणि पाठीवरचं पर एकटंच पावणेदोन मीटरच्या घरात, म्हणजे माझ्या उंचीएवढं. आणि खुनी म्हणाल तर मोकळ्या समुद्रातल्या ओर्काने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. माणसं मेली ती मत्स्यालयांच्या टाक्यांमध्ये, जिथे या प्राण्याला वर्षानुवर्षं कोंडून नाचवलं जात होतं. आपल्या देशाने मे २०१३ मध्ये डॉल्फिनारियमना परवानगी न देण्याचं धोरण घेतलं, ते फार बरं झालं. तेव्हा दुबईला किंवा आणखी कुठे 'शो' दाखवून मुलीची हौस भागवायचा विचार असेल तर कृपा करून तो सोडा.

आता मुख्य प्रश्न: राहतात कुठे. पुस्तकी उत्तर 'सर्व महासागरांत' असं आहे आणि ते खरंही आहे. विषुववृत्तापासून दोन्ही ध्रुवांच्या बर्फापर्यंत ओर्का सापडतात; इतका पसरलेला सस्तन प्राणी माणूस सोडला तर क्वचितच असेल. पण या उत्तराचा बघायला जाणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. भारतात माणसं सगळीकडे राहतात म्हणून थरच्या वाळवंटात कोणाला शोधायला जात नाही ना आपण? मी नवीन पोरांना शिकवताना एकच गोष्ट सांगायचो: ओर्काचा पत्ता विचारू नका, त्याच्या जेवणाचा पत्ता विचारा. आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा: प्रत्येक घराण्याचं जेवण वेगळं.

हे घराणं वगैरे मी उगाच अलंकार म्हणून म्हणत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायकल बिग नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओर्कांचे फोटो काढून, परावरच्या खाचा आणि परामागचा राखाडी डाग बघून एकेक प्राणी वेगळा ओळखायला सुरुवात केली. त्याआधी सरकारी हिशोबात तिथे हजारो ओर्का आहेत असा समज होता. मोजायला बसल्यावर कळलं की काही शेच आहेत. आणि तेही एकाच समाजाचे नाहीत. एक गट फक्त मासे खातो, त्यातही चिनूक नावाचा सर्वांत मोठा, चरबीदार सामन आवडीचा. दुसरा सील, सागरी सिंह, पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) असे सस्तन प्राणीच खातो. त्यांना आता 'बिगचे ओर्का' म्हणतात. तिसरा गट खोल समुद्रात शार्क खातो आणि शार्कच्या खरखरीत कातडीने त्यांचे दात झिजून सपाट होतात. तिघांचं पाणी एकच, पण रोटी-बेटी व्यवहार नाही. काही लाख वर्षं नाही. समोरासमोर आले तर बाजूने निघून जातात. तुमच्या-माझ्या शेजारी असतात ना, एकाच वाड्यातले आणि चतुर्थीलाही एकमेकांकडे न जाणारे, तसं समजा.

बोलणंही वेगळं. मासे खाणारे सतत आवाज करतात आणि प्रत्येक कुटुंबाची बोली इतकी स्वतंत्र असते की पाण्यात मायक्रोफोन सोडून ऐकणारा माणूस कळप न बघता सांगतो कोण आलं ते. मासा त्यांच्या बोलण्याकडे फार लक्ष देत नाही. सील मात्र देतो. म्हणून सील खाणारे ओर्का शिकारीला निघाले की चिडीचूप. मी तिकडे एकदा पाण्यातला मायक्रोफोन कानाला लावून तासभर बसलो होतो, काहीच ऐकू आलं नाही, म्हणून उपकरण बिघडलं असं समजून उघडलं. वर बघतो तर चार परं जहाजाच्या मागून सरकत होती.

हे जेवण घराण्यात शिकवलं जातं. आजीकडून आईला, आईकडून पोरांना. मासे खाणाऱ्या गटांत मुलगा आणि मुलगी दोघंही जन्मभर आईजवळ राहतात. मुलगी सासरी जात नाही आणि मुलगाही घर सोडत नाही. नर दुसऱ्या कळपातल्या माद्यांशी जुळतो आणि परत आईच्या मागे येतो. मादी चाळिशीच्या आसपास विणं थांबवते आणि त्यानंतरही कित्येक दशकं जगते. प्राण्यांमध्ये हे फार दुर्मिळ आहे. ज्या वर्षी सामन कमी असतो त्या वर्षी कळपाच्या पुढे बहुतेक वेळा अशी म्हातारी मादी असते. कुठल्या खाडीत कधी मासे येतात ते तिच्या डोक्यात असतं. आई गेली की तीस वर्षांचा धष्टपुष्ट नरसुद्धा पुढच्या वर्षभरात मरण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. आमच्या जहाजावरचा एक रत्नागिरीचा पोरगा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखाच." त्याला आईने डबा नाही दिला तर तो खरंच उपाशी राहायचा.

याची काळी बाजूही आहे. सिअॅटल आणि व्हँकुव्हरच्या मधल्या पाण्यात येणारे, मासे खाणाऱ्यांतले 'दक्षिणी रहिवासी' आता सत्तरीच्या आसपास उरलेत. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांची पिल्लं मत्स्यालयांसाठी पकडून नेली. नंतर धरणांनी आणि मासेमारीने चिनूक घटला, बोटींचा गोंगाट वाढला. शेजारी सील भरपूर आहेत, बिगचे ओर्का त्यांच्यावर मजेत जगतात, पण हे सील खात नाहीत. आजीने शिकवलं नाही ना. याच कळपातल्या एका मादीने २०१८ मध्ये मेलेलं पिल्लू सतरा दिवस डोक्यावर आणि तोंडात धरून वाहिलं. जगभर ती बातमी गेली होती, तुमच्या मुलीने व्हिडिओ पाहिला असेल.

आता फिरणं. लोकांना वाटतं ओर्का पक्ष्यांसारखे ठरावीक महिन्यात उत्तरेला, ठरावीक महिन्यात दक्षिणेला जातात. तसं बहुतेकांचं नसतं. ते जेवणाच्या मागे जातात. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर हे त्यांना नेहमीचं, आपण म्हापशाहून पणजीला जातो तसं. दुडक्या चालीने सहा-सात मैलांचा वेग ठेवतात. पाठलागात मात्र थोडा वेळ ताशी पन्नास किलोमीटरच्या वर जातात. बिगचे ओर्का अलास्कात आणि पुढे कॅलिफोर्नियात, दोन्हीकडे फोटोवरून ओळखले गेले आहेत. झोपसुद्धा चालता चालता घेतात: सगळं कुटुंब खांद्याला खांदा लावून एका ओळीत येतं, सगळे एकदम श्वास घेतात, एकदम बुडतात, पाच मिनिटांनी थोडं पुढे एकदम वर येतात. मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा जागा. डेकवरून हे दृश्य दिसलं की आम्ही आवाज खाली आणायचो, जसं काही त्यांची झोप मोडेल.

सगळ्यांत लांबचा आणि मला सगळ्यांत आवडणारा प्रवास अंटार्क्टिकाच्या ओर्कांचा. तिथल्या काहींना उपग्रहाला संदेश देणारी चिप लावली. शून्याखालच्या पाण्यातून हे प्राणी निघाले आणि न थांबता थेट उत्तरेला, उरुग्वे-ब्राझीलजवळच्या कोमट पाण्यात गेले. तिथे फार काळ राहिलेही नाहीत. एक तर ४२ दिवसांत सुमारे ९,४०० किलोमीटर जाऊन परत आला. पिल्लं घालायला म्हणाल तर एवढ्या घाईत ते शक्य नाही, खायला म्हणाल तर जेवण मागे बर्फात. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की ते कातडी बदलायला जातात. बर्फाच्या पाण्यात उष्णता वाचवण्यासाठी कातडीचा रक्तपुरवठा आवळलेला राहतो, जुनी कातडी सुटत नाही, तिच्यावर पिवळट शेवाळाचा थर चढतो. कोमट पाण्यात ती सुटते आणि ओर्का परत काळे-पांढरे स्वच्छ होऊन येतात. नऊ हजार किलोमीटरची आंघोळ म्हणा.

अंटार्क्टिका म्हटलं की गोवेकराने थोडी छाती फुगवायला हरकत नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली होती, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोला हेडलँड सड्यावर आहे. म्हणजे गोव्यातून ओर्काच्या देशात जाणारी वाट आहे, फक्त तिला शिक्षण लागतं. मुलीला हे सांगा. मी स्वतः एकदा तिकडे सामान नेणाऱ्या जहाजावर होतो. बर्फाच्या कडेने सात-आठ ओर्का चालले होते. त्यातला एक मध्येच पाण्यात उभा राहिला, डोकं आणि छाती बाहेर काढून बर्फाच्या लादीवर काय आहे ते बघितलं, आणि खाली गेला. तिथले काही कळप लादीवर बसलेला सील दिसला की रांगेत एकदम पोहून लाट उठवतात आणि त्याला धुवून पाण्यात पाडतात. मला ते बघायला मिळालं नाही. त्या लादीवर त्या दिवशी कोणी नव्हतं.

अरबी समुद्राचीही अशी एक गोष्ट आहे, ओर्काची नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या समुद्रात कुबडे देवमासे आहेत. ओमानकडचे, शंभराहून कमी उरलेले, आणि जगातल्या आपल्या भाईबंदांसारखे ध्रुवाकडे न जाता वर्षभर इथेच राहणारे. त्यातल्या लुबान नावाच्या मादीला नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानला चिप लावली. डिसेंबरात ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली, मग भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत फिरली. आपण इथे नाताळाची खरेदी करत होतो तेव्हा. एकाही होडीवाल्याला कळलं नाही. किनाऱ्यावरून समुद्र रिकामा दिसतो म्हणजे तो असतोच असं नाही.

बरं, आता पैशांचा आणि तिकिटांचा विषय. कुठे न्यावं?

मला एकच जागा सांगायला सांगितली तर नॉर्वे सांगेन. उत्तरेला ट्रोम्सो शहर, तिथून आणखी वर शेर्वोयच्या आसपासचे फियॉर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत घुसलेल्या अरुंद खाड्या. ऑक्टोबरअखेर ते जानेवारीपर्यंत तिथे हेरिंग मासा लाखो टनांनी थंडी काढायला येतो. हेरिंग म्हणजे आपल्या तारल्यांचाच चुलतभाऊ. त्याच्या मागे ओर्का, कुबडे देवमासे, मासेमारीच्या बोटी, गरुड, सगळी जत्रा. ओर्का हेरिंगचा थवा गोल गोल फिरून आवळतात, बुडबुडे सोडतात, पांढरी पोटं चमकवून घाबरवतात, घट्ट गोळा झाला की शेपटीचा फटका मारतात आणि बेशुद्ध पडलेले एकेक टिपून खातात. रापण ओढताना शेवटी जाळं आवळतं आणि मासे उकळल्यासारखे होतात ते दृश्य आठवा, फक्त इथे जाळं प्राण्यांचंच आहे.

पण तिथेही जेवणाचा पत्ता विचारूनच जा. मी स्वतःच्या पैशाने पहिल्यांदा गेलो ते जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. हेरिंग अंडी घालायला दक्षिणेला निघून गेला होता. दोन दिवस उणे दहा अंशांत बोटीवर बसून मी डोंगर बघितले. सफर विकणाऱ्याला हे माहीत होतं. त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. समुद्रातला माणूस असून! शिवाय हा मासा वर्षानुवर्षं एकाच फियॉर्डात येईल असंही नाही. नव्वदच्या दशकात सगळे ओर्का बघायला टिसफियॉर्डला जात. मग हेरिंगने तिथे येणं सोडलं, ओर्काही गेले. पुढे काही वर्षं ट्रोम्सोजवळच्या फियॉर्डात आले आणि २०१७ च्या सुमाराला आणखी उत्तरेला सरकले. म्हणून तिकीट काढण्याआधी 'गेल्या वर्षी हेरिंग कुठे होता आणि कधी गेला' हा प्रश्न विचारा. नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा मला उत्तम वाटतो. डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो. तिथे पाण्यात उतरून ओर्काबरोबर पोहायच्या सफरीही विकतात. मी कधी कोणाला सुचवत नाही. दहा बोटी एका कळपाभोवती आणि प्रत्येकीतून सहा जण उड्या मारताहेत, हे बघितल्यावर मन लागत नाही.

तुमचं कोणी नातेवाईक कॅनडा-अमेरिकेत असेल तर चित्र बदलतं. जुलै ते सप्टेंबर व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेला जॉन्स्टन सामुद्रधुनीत मासे खाणारे 'उत्तरी रहिवासी' येतात. तिथे काही किनाऱ्यांवर गोट्यांवर पोट घासायला ते येतात. तो भाग १९८२ पासून राखीव आहे आणि बोटींना बंद आहे. दक्षिणेला सॅन वॉन बेटावर लाइम किल्न पॉइंट नावाचं छोटं उद्यान आहे, खडकावर बसायचं आणि थर्मासमधला चहा प्यायचा. ओर्का आले तर कधीकधी कड्याखालूनच जातात, नाही आले तर समुद्र तरी आहे. लहान मूल सोबत असेल तर मला जमिनीवरून बघणंच जास्त पटतं. उलटी नाही, घाई नाही, प्राण्याला त्रास नाही. त्या भागात अलीकडे बिगचे ओर्का जास्त दिसतात. सत्तर उरलेल्यांपासून वॉशिंग्टन राज्याने जानेवारी २०२५ पासून बोटींना जवळपास नऊशे मीटर दूर ठेवलं आहे, आणि ते योग्यच आहे.

इंग्लंडात स्विंडनला वगैरे कोणी असेल, आणि गोव्यात कोणाचं नसतं, तर उन्हाळ्यात शेटलँड बेटांवर जा. सीलच्या मागे ओर्का अगदी खडकाला खेटून येतात. ऑस्ट्रेलियात कोणी असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रेमर बे, जानेवारी ते एप्रिल, खोल घळीच्या तोंडाशी. मात्र बोटीने दूर जावं लागतं आणि समुद्र चोळून काढतो. अर्जेंटिनात पुंता नोर्तेला मार्च-एप्रिलमध्ये काही मोजके ओर्का सागरी सिंहाची पिल्लं पकडायला मुद्दाम वाळूवर चढतात आणि वळवळत परत जातात. तेही आजीचं शिक्षण, पोरांना आया ढकलून शिकवतात. स्पेनच्या दक्षिणेला तारिफाहून जुलै-ऑगस्टमध्ये टुना खाणारे ओर्का दिसतात. हेच ते, २०२० पासून शिडाच्या बोटींचं सुकाणू मोडणारे. लोक त्याला सूड म्हणतात; मला ते उनाड पोरांचं खूळ वाटतं, एकाने सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं.

आणि खिशाला परवडणारं? श्रीलंका. पण तिथे ओर्का बघायला म्हणून जाऊ नका, निळा देवमासा बघायला जा. मिरिसाला डिसेंबर ते एप्रिल. तिथे किनाऱ्यापासून थोडक्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, आपल्यासारखं शंभर किलोमीटरचं पठार नाही, म्हणून सकाळच्या सफरीत जगातला सर्वांत मोठा प्राणी दिसू शकतो. ओर्का तिथे वर्षातून मोजक्या वेळा दिसतात. दिसला तर सोन्याहून पिवळं. मुलीला आधीच तसं सांगा, नाहीतर निळा देवमासा बघूनही तोंड पाडून येईल.

बघायचं कसं, हे थोडं सांगतो, कारण निम्मे लोक चुकीचं बघतात. दुर्बीण आधी नको. उघड्या डोळ्यांनी क्षितिजापासून जवळपर्यंत आडवी नजर फिरवा, सावकाश, जसं शेतात भात निवडतो. पांढऱ्या लाटा उठायला लागल्या की डॉल्फिन शोधणं जवळजवळ व्यर्थ. पहाटेचा शांत समुद्र सर्वांत चांगला. पक्षी एका जागी घिरट्या घालत असतील तर तिथे थांबा. ओर्काचा फवारा बुटका आणि झुडपासारखा असतो, पण लांबून आधी दिसतं ते नराचं उंच सरळ पर, काळ्या काठीसारखं. आपल्या समुद्रात खोल पाण्यात 'छद्म ओर्का' असतात, पायलट व्हेल असतात, सगळे काळे. त्यांना पाहून लोक ओर्का म्हणून व्हिडिओ टाकतात. डोळ्यामागे पांढरा लंबगोल डाग आणि पोट पांढरं नसेल तर तो ओर्का नाही. व्हॉट्सअॅपवर 'गोव्यात किलर व्हेल' म्हणून फिरणारा एक व्हिडिओ मला तीन जणांनी पाठवला होता. मागे बर्फाचे डोंगर दिसत होते. आमच्या हरमलला अजून बर्फ पडायचा आहे.

पोटाचं विसरू नका. उलटीची गोळी आदल्या रात्री एक, सकाळी एक, आणि रिकाम्या पोटी चढू नका. मी वीस वर्षांत तीनदा आजारी पडलो, तिन्ही वेळा उपाशी होतो.

रविवारच्या हट्टाचं मात्र सोपं आहे. तिला सिकेरीच्या होडीत बसवू नका. 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' म्हणणारे बरेच जण एकाच कळपाला चार बाजूंनी घेरतात. सकाळी सातला रेइश मागूशच्या किल्ल्याखाली नाहीतर आग्वादच्या तटाजवळ न्या, मांडवीच्या तोंडाकडे बघत दोन तास बसा. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत सोडा, बाकी वर्षभर कुबड डॉल्फिन तिथून दिसतात, फुकट. एक वही द्या: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, किती दिसले, काय करत होते. आम्ही जहाजावर हेच लिहायचो, जास्त काही नाही.

आणि कधी, कुठेही, मालवणला जाताना असो की लक्षद्वीपच्या जहाजावरून असो, ते उंच काळं पर खरंच दिसलं, तर व्हिडिओ नंतर. आधी फोटो काढायचा, परावर आणि त्याच्यामागच्या राखाडी डागावर नेम धरून, जमल्यास डाव्या बाजूने, कारण ओळख पटवायच्या यादीत बहुतेक फोटो डाव्या बाजूचे असतात. श्रीलंकेजवळ असेच टिपलेले ओर्का पुढे अबू धाबीजवळच्या फोटोंत ओळखले गेले. मधल्या सगळ्या पाण्यात त्यांना कोणी टिपलं नाही. तुमच्या मुलीने टिपलं तर वेळ आणि जागा लिहून मला पाठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.